भोके पाडलेली फीत आणि चित्रपट-उद्योगाचा जन्म

३५ मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना बारीक भोके पाडलेली आणि दर चित्रामागे प्रत्येक बाजूला चार भोके असलेली कचकड्याची फीत १८९२ च्या सुमारास अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत आकाराला आली. डिजिटल तंत्र येईपर्यंत, म्हणजे शंभराहून अधिक वर्षे, जगभरच्या चित्रगृहांत दाखवले गेलेले बहुतेक चित्रपट याच मापाच्या फितीवर छापलेले होते. चित्रपटाचा आरंभीचा इतिहास बहुधा संशोधकांच्या नावांची माळ म्हणून सांगितला जातो आणि मग पहिला मान कोणाचा या वादात तो अडकून पडतो. मला वाटते, त्या नावांपेक्षा फीत धरून चालले तर हा सगळा गुंता अधिक नीट उलगडतो. ती कोणी बनवली, तिला भोके का पाडली, ती यंत्रातून कशी सरकते, तिची मालकी कोणाकडे राहते आणि ती कोणाकोणाच्या हातांतून फिरते, एवढे प्रश्न विचारले की चित्र हलते कसे हेही कळते आणि त्या हलत्या चित्राचा उद्योग कसा झाला हेही कळते.

चित्र हलते कसे, हे आधी पाहू. फितीवर असतात ती स्थिर छायाचित्रेच, प्रत्येक आधीच्यापेक्षा किंचित वेगळे. ती पुरेशा वेगाने एकामागून एक डोळ्यांसमोर आली की मेंदू त्यांच्यातील फरक ‘हालचाल’ म्हणून वाचतो. आधीच्या चित्राचा ठसा डोळ्यात क्षणभर रेंगाळतो म्हणून हालचाल दिसते, असे स्पष्टीकरण शाळेच्या पुस्तकांतून दीर्घकाळ दिले गेले, पण ते अपुरे आहे. ठसे नुसतेच रेंगाळले असते तर एकावर एक साचलेली चित्रे दिसली असती. मॅक्स वर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हे दाखवून दिले, की थोड्या अंतरावर पाठोपाठ लागणारे दोन स्थिर ठिपकेही माणसाला सरकल्यासारखे दिसतात, म्हणजेच हालचाल जोडण्याचे काम डोळ्यापेक्षा मेंदूकडे अधिक आहे. दुसरी अडचण लुकलुकण्याची. सेकंदाला १६ चित्रे हालचाल भासवायला पुरतात, पण पडद्यावरचा उजेड सेकंदाला १६ वेळाच चमकला तर तो डोळ्यांना अतिशय त्रास देतो. यावरचा पुढे रूढ झालेला तोडगा विलक्षण साधा होता : दिव्याचा उजेड अधूनमधून अडवणाऱ्या फिरत्या झडपेला तीन पाती बसवायची आणि प्रत्येक चित्र पुढे सरकण्यापूर्वी तीनदा चमकवायचे. चित्रे १६ च, पण चमक सेकंदाला ४८ वेळा, आणि एवढ्या वेगाला डोळ्याला लुकलुक फारशी जाणवत नाही.

फितीच्या आधीही पडद्यावर चित्रे दिसत होतीच. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडण्याचे खेळ युरोपात फार जुने होते, आणि आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने पौराणिक कथांचे असे खेळ केले. मात्र ती चित्रे हाताने रंगवलेली होती. प्रत्यक्ष घडणारी हालचाल छायाचित्रांत पकडण्याचे काम १८७८ साली कॅलिफोर्नियात झाले. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच क्षणी जमिनीवरून सुटतात का, याचे उत्तर हवे असलेल्या लेलंड स्टॅनफर्ड या धनाढ्य गृहस्थांसाठी एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला आधी १२ आणि पुढे २४ कॅमेरे ओळीने मांडले. पाय सुटतात, हे सिद्ध झाले. पॅरिसमधील शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांना उडत्या पक्ष्यांचा अभ्यास करायचा होता, आणि पक्षी काही कॅमेऱ्यांच्या रांगेसमोरून उडणार नाही. म्हणून त्यांनी १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा, सेकंदाला १२ चित्रे टिपणारा एकच कॅमेरा बनवला. या दोघांनाही करमणुकीचा धंदा करायचा नव्हता. हालचाल तोडून, थांबवून तपासावी हा त्यांचा उद्देश होता, आणि चित्रपटाने नेमके उलटे काम केले, तोडलेली हालचाल पुन्हा जोडून दाखवली.

काचेच्या तबकडीवर ही वाट पुढे जाऊ शकत नव्हती. सेकंदाला १६ चित्रे घ्यायची म्हणजे मिनिटाला ९६० काचा लागतील. कागदाच्या गुंडाळ्या वापरून पाहिल्या गेल्या. इंग्लंडमधील लीड्स शहरात लुई ल प्रँस यांनी ऑक्टोबर १८८८ मध्ये कागदी फितीवर आपल्या आप्तांच्या बागेतील काही सेकंदांचे चित्रण केले, आणि ते आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या चलच्चित्रांपैकी एक आहे. १८९० च्या सप्टेंबरात ल प्रँस फ्रान्समध्ये दीजों येथून पॅरिसच्या गाडीत बसले आणि त्यानंतर कोणालाही दिसले नाहीत. त्यांच्या बेपत्ता होण्याचे गूढ आजही अनेकांना खुणावते, पण यंत्रविद्येच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे : कागद पारदर्शक नसतो आणि ओढला की फाटतो. लवचीक, पारदर्शक आणि ओढ सहन करणारा पदार्थ मिळाला तो १८८९ साली, जेव्हा जॉर्ज ईस्टमन यांच्या कंपनीने कचकड्याच्या, म्हणजे सेल्युलॉइडच्या गुंडाळ्या बाजारात आणल्या. त्या निघाल्या होत्या हौशी छायाचित्रकारांच्या साध्या कॅमेऱ्यासाठी. चित्रपटाला लागणारा कच्चा माल असा दुसऱ्याच गिऱ्हाइकासाठी तयार झाला.

एडिसन यांच्या प्रयोगशाळेत या कामाची खरी जबाबदारी विल्यम केनेडी लॉरी डिक्सन या साहाय्यकावर होती. त्यांनी ईस्टमनची ७० मिलिमीटरची फीत मधोमध कापून ३५ मिलिमीटरची केली आणि तिच्या कडांना भोके पाडली. ही भोके म्हणजे या साऱ्या इतिहासातील सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची सुधारणा होय. प्रत्येक चित्र आधीच्या चित्राच्या अगदी त्याच जागी येऊन थांबले पाहिजे. केसभर जरी सरकले, तरी पडद्यावर मोठे होऊन सगळे दृश्य थरथरते. गुळगुळीत फीत नुसती रुळांमध्ये दाबून ओढली तर ती घसरणारच. कडेच्या भोकांत चाकाचे दात अडकले की फितीला घसरायला वावच राहत नाही.

डिक्सन यांच्या कॅमेऱ्याने टिपलेली चित्रे दाखवण्यासाठी एडिसन यांनी ‘किनेटोस्कोप’ नावाची लाकडी पेटी विकायला काढली. पेटीच्या वरच्या छिद्राला डोळा लावायचा आणि आत फिरणारी साधारण ५० फुटांची फीत पाहायची. एका वेळी एकच माणूस. चित्रीकरणासाठी १८९३ साली बांधलेली खोली काळ्या डांबरी कागदाने मढवलेली होती, तिचे छप्पर उघडत असे आणि सूर्याच्या दिशेने सारी खोली रुळांवर फिरवता येत असे. १४ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर अशा दहा पेट्यांचे दालन उघडले आणि २५ सेंटला पाच पेट्या पाहायला मिळू लागल्या. एडिसन यांचा हिशेब यंत्र विकण्याचा होता. जेवढी गिऱ्हाइके तेवढ्या पेट्या, आणि जेवढ्या पेट्या तेवढा नफा, या हिशेबात एकाच पडद्यावर शेकडो माणसांना चित्र दाखवणारे यंत्र बसत नव्हते. युरोपातील पेटंट त्यांनी घेतले नाही, आणि त्याचा फायदा घेऊन लंडनच्या रॉबर्ट पॉल यांनी तशाच पेट्या बनवून विकल्या.

पेटीत फीत न थांबता सतत फिरत असे आणि एका बारीक फटीतून प्रत्येक चित्र निमिषभर दिसे. एका डोळ्यापुरता तेवढा उजेड पुरतो, पण मोठ्या पडद्यासाठी तो अगदीच अपुरा पडतो. पडद्यावर चित्र पाडायचे तर ते दिव्यासमोर क्षणभर पूर्ण थांबले पाहिजे, मग झडप मिटली पाहिजे, मिटलेल्या झडपेआड फीत झटक्याने एक चित्र पुढे गेली पाहिजे, आणि ती पुन्हा थांबल्यावर झडप उघडली पाहिजे; हे सर्व सेकंदाला १६ वेळा आणि फीत न फाटता व्हायला हवे. ल्यों शहरात छायाचित्रणाच्या काचांचा मोठा कारखाना चालवणाऱ्या ल्युमिए कुटुंबातील लुई ल्युमिए यांना यावरचा उपाय शिवणयंत्रात सापडला. कापड थांबते, सुई टाका घालते, कापड टाक्याएवढे पुढे सरकते, हीच ती चाल. त्यांच्या यंत्रात दोन बारीक नख्या फितीच्या भोकांत शिरतात, फीत एक घर खाली ओढतात, मागे सरकून बाहेर पडतात आणि मोकळ्याच वर जातात; नख्या वर जात असताना फीत स्थिर असते आणि तेवढ्यात चित्र घेतले किंवा दाखवले जाते. फीत मोठी असली की तिच्या गुंडाळीच्या वजनाने हा झटका ती फाडू शकतो, म्हणून ज्या खिडकीशी चित्र थांबते तिच्या वर आणि खाली फितीचे एक सैल वेटोळे ठेवण्याची युक्ती अमेरिकेत १८९५ साली लॅथम पितापुत्रांच्या कारखान्यात वापरात आली. हे वेटोळे लक्षात ठेवावे, कारण त्याच्यावरून पुढे मोठी न्यायालयीन लढाई झाली.

ल्युमिए यांच्या ‘सिनेमॅटोग्राफ’चे पेटंट १३ फेब्रुवारी १८९५ चे आहे. एडिसन यांचा कॅमेरा विजेवर चालणारा आणि जागचा न हलणारा होता. ही लाकडी पेटी मात्र एका माणसाला सहज उचलता येई, हाताने दांडा फिरवून चाले, आणि तीच पेटी कॅमेरा होती, प्रती छापण्याचे साधन होती व मागे दिवा ठेवला की पडद्यावर चित्र पाडणारे यंत्रही होती. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमधील ग्रँड कॅफेच्या तळघरात एक फ्रँक तिकीट लावून दहा छोटी चित्रे दाखवली गेली आणि पहिल्या दिवशी ३३ प्रेक्षक आले. कॅफेच्या मालकाला उत्पन्नाचा पाचवा हिस्सा देऊ केला असता त्याने तो नाकारून दिवसाला ३० फ्रँक भाडे पसंत केले, असे सांगितले जाते. थोड्याच आठवड्यांत तेथे रोज दोन हजारांहून अधिक तिकिटे खपू लागली. या तारखेला चित्रपटाचा जन्मदिवस मानतात, परंतु बर्लिनमध्ये स्क्लादानोव्स्की बंधूंनी त्याआधी जवळजवळ दोन महिने, १ नोव्हेंबरला, तिकीट लावून पडद्यावर हलती चित्रे दाखवली होती. पडद्यावरील आगगाडी अंगावर येते आहे असे वाटून त्या पहिल्या खेळातील प्रेक्षक पळत सुटले, ही कथा तर अजिबात खरी नाही, कारण आगगाडीचे चित्र त्या दिवसाच्या दहा चित्रांत नव्हतेच.

ल्युमिए यांनी सुरुवातीला यंत्र विकले नाही, ही गोष्ट धंद्याच्या दृष्टीने फार बोलकी आहे. त्यांनी यंत्र चालवणारी माणसे स्वतः तयार केली, ती देशोदेशी पाठवली आणि स्थानिक भागीदारांकडून उत्पन्नाचा वाटा घेतला. ही माणसे वाटेत चित्रणही करीत, त्यामुळे दाखवायला नवा माल आपोआप तयार होई. ऑस्ट्रेलियाकडे निघालेले मारिअस सेस्तिए हे अशांपैकीच एक. मुंबईत थांबून त्यांनी ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकीट लावून सहा चित्रे दाखवली, आणि आठवडाभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलल्यावर चार आण्यांपासूनची तिकिटे निघाली. पॅरिसच्या पहिल्या खेळाला तेव्हा सात महिनेही झाले नव्हते. काळा घोडा भागातील वॉटसन हॉटेलची ती बिडाच्या सांगाड्याची इमारत आजही उभी आहे. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून २१ गिनींचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये भरलेल्या एका कुस्तीचे चित्रण केले. केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या १९०१ मधील स्वागताचे चित्रणही त्यांचेच. पण ती फीत धुण्यासाठी विलायतेला पाठवावी लागत असे.

येथे थोडे गणित उपयोगी पडेल. ३५ मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात १६ चित्रे बसतात, आणि सेकंदाला १६ चित्रे दाखवायची म्हणजे एका सेकंदाला बरोबर एक फूट फीत खर्च होते. ल्युमिए यांच्या फिती साधारण १७ मीटरच्या, म्हणजे ५६ फुटांच्या होत्या. म्हणून त्यांची चित्रे मिनिटभरही चालत नसत. निर्माते फीत कापडासारखी फुटावर मापून विकत. फितीवर काय आहे याला किंमत नव्हती, ती किती लांब आहे याला होती. विकत घेतलेल्या फितीचे खेळवाला काहीही करू शकत असे : कापावी, जोडावी, हवी त्या क्रमाने दाखवावी, जुनी झाली की दुसऱ्याला विकावी, आणि हाताशी छपाईचे यंत्र असेल तर तिच्यावरून नव्या प्रती काढाव्यात.

या शेवटच्या गोष्टीचा सर्वांत मोठा फटका जॉर्ज मेलिए यांना बसला. मेलिए पॅरिसमधील जादूगार, स्वतःच्या नाट्यगृहाचे मालक. ग्रँड कॅफेतील खेळ पाहून त्यांनी ल्युमिए यांच्याकडे यंत्र मागितले, नकार मिळाल्यावर लंडनहून पॉल यांचे पडद्यावर चित्र पाडणारे यंत्र आणले आणि त्याचाच कॅमेरा केला. कॅमेरा मध्येच थांबवून समोरची वस्तू बदलायची आणि पुन्हा सुरू करायचा, म्हणजे पडद्यावर माणूस अदृश्य होतो, हे तंत्र त्यांनी फार पुढे नेले. १८९७ साली त्यांनी माँत्रय येथे काचेचा स्टुडिओ बांधला आणि १९०२ मध्ये चंद्रावरच्या प्रवासाचा त्यांचा प्रसिद्ध चित्रपट पुरा केला. तो अमेरिकेत तुफान चालला, पण तेथे दाखवल्या गेलेल्या कितीतरी प्रती दुसऱ्यांनी चोरून छापलेल्या होत्या आणि त्यांचा पैसा मेलिए यांच्या हाती लागला नाही. अखेर हक्क सांभाळण्यासाठी त्यांनी १९०३ मध्ये भाऊ गास्तों यांना न्यूयॉर्कला पाठवले. एवढ्या मोठ्या कल्पनाशक्तीच्या या माणसाने १९२३ साली, कर्जबाजारी अवस्थेत, आपल्या मूळ निगेटिव्ह स्वतःच जाळून टाकल्या आणि पुढे पॅरिसच्या मॉंपार्नास स्थानकात खेळण्यांचे दुकान चालवले, हे वाचताना आजही मन विषण्ण होते.

अमेरिकी स्वामित्वहक्काच्या कायद्यात १९१२ पर्यंत चित्रपटाला वेगळे स्थान नव्हते. छायाचित्राची मात्र नोंद करता येत असे. म्हणून काही कंपन्या आपला संपूर्ण चित्रपट, चित्रामागून चित्र, कागदाच्या लांब गुंडाळीवर छापून वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात जमा करीत. कचकड्याच्या फिती नाहीशा झाल्या, कागदाच्या गुंडाळ्या राहिल्या, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्यावरून पुन्हा चित्रफिती तयार करण्यात आल्या. तीन हजारांहून अधिक आरंभीची चित्रे केवळ या कायदेशीर आडवाटेमुळे आज पाहता येतात.

विक्रीच्या पद्धतीत आणखी एक दोष होता, आणि उद्योगाचा पुढचा सारा आकार त्यातून घडला. फीत विकत घेतलेल्या खेळवाल्याने ती एका गावात आठवडाभर दाखवली की त्या गावाचे पाहून होते. मग एक तर त्याने फीत घेऊन पुढच्या गावी जावे, नाहीतर गावात राहून नवी फीत विकत घ्यावी. पहिला मार्ग धरला तर धंदा कायम तंबूत आणि जत्रेत राहतो. दुसरा धरला तर खर्च परवडत नाही. १९०३ च्या सुमारास अमेरिकेत काही व्यापाऱ्यांनी मधला मार्ग काढला. त्यांनी निर्मात्यांकडून फिती विकत घेऊन त्या खेळवाल्यांना आठवड्याच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. आता खेळवाल्याला गाव सोडायचे कारण उरले नाही. तो जागेवर बसला आणि फीत फिरू लागली. चित्रगृह ही कायमची वास्तू या बदलामुळे शक्य झाली. जून १९०५ मध्ये पिट्सबर्गच्या स्मिथफील्ड रस्त्यावर हॅरी डेव्हिस आणि जॉन हॅरिस यांनी पाच सेंटच्या तिकिटाचे ‘निकेलोडिअन’ सुरू केले, आणि दोन-तीन वर्षांत अमेरिकेत अशी हजारो चित्रगृहे निघाली. ती रोज चालत, कार्यक्रम सतत बदलत, आणि तेथे येणाऱ्या कामगारांना व नुकत्याच देशांतर करून आलेल्या लोकांना इंग्रजी येण्याची गरज नसे, कारण चित्रे मूक होती. निर्माता, वितरक आणि चित्रगृह-मालक ही तीन पायऱ्यांची रचना आपण आजही पाहतो, तिचे मूळ येथे आहे.

भाड्याचा नफा मधल्या व्यापाऱ्याला आणि निर्मात्याला फक्त फुटांचा दर, हे निर्मात्यांना फार काळ रुचणे शक्य नव्हते. कोंबड्याचे बोधचिन्ह मिरवणारी फ्रान्सची पाथे कंपनी तेव्हा जगातील सर्वांत मोठी चित्रपट-कंपनी होती. १९०७ साली शार्ल पाथे यांनी फ्रान्समध्ये फीत विकणे बंद करून ती फक्त भाड्याने देण्याचे ठरवले. तेव्हापासून फितीची मालकी निर्मात्याकडे राहू लागली आणि प्रेक्षक विकत घेऊ लागला तो केवळ पाहण्याचा हक्क. चित्रपटाचा व्यवहार वस्तूच्या विक्रीतून हक्काच्या व्यवहारात गेला तो या निर्णयांमुळे, आणि माझ्या दृष्टीने ग्रँड कॅफेतील त्या संध्याकाळीइतकेच त्यांना महत्त्व आहे.

अमेरिकेत हेच नियंत्रण पेटंटच्या जोरावर मिळवायचा प्रयत्न झाला. एडिसन कंपनी वर्षानुवर्षे प्रतिस्पर्ध्यांवर दावे ठोकत होती. डिसेंबर १९०८ मध्ये एडिसन, बायोग्राफ, व्हायटाग्राफ आणि इतर प्रमुख कंपन्यांनी आपापली पेटंटे एकत्र करून एक संघ स्थापन केला. कॅमेरा, प्रक्षेपक (पडद्यावर चित्र पाडणारे यंत्र) आणि फितीचे ते सैल वेटोळे या सर्वांवर संघाचा हक्क. ईस्टमनची कोरी फीत फक्त सभासदांना मिळणार. आणि प्रत्येक चित्रगृहाने दर आठवड्याला दोन डॉलर भरायचे, अशी ती मक्तेदारी होती. तिला आव्हान दिले ते बहुतांशी छोट्या चित्रगृहांचे मालक आणि फिती भाड्याने देणारे व्यापारी यांनी. कार्ल लेमल, विल्यम फॉक्स, अडॉल्फ झुकर ही त्यांतील ठळक नावे. संघाला आखूड, ठरावीक लांबीची चित्रे आणि निनावी नट पुरेसे वाटत होते. या नवख्यांनी लांब चित्रपट केले आणि नटनट्यांची नावे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापली. १९११ मध्ये ईस्टमनने बाहेरच्यांनाही फीत विकण्याची मुभा मिळवली, १९१२ मध्ये वेटोळ्याचे पेटंट न्यायालयात टिकले नाही, आणि १९१५ मध्ये संघाचा व्यवहार बेकायदा ठरला.

या संघाच्या वकिलांपासून पळण्यासाठी निर्माते हॉलिवूडला गेले, ही लोकप्रिय समजूत अर्धवटच खरी आहे. लॉस एंजेलिसला आधी पोहोचलेल्यांत सेलिग आणि बायोग्राफ या कंपन्या होत्या, आणि त्या संघाच्याच सभासद होत्या. तेव्हाची फीत फार मंद होती, तिला भरपूर उजेड लागे आणि चित्रीकरण मुख्यतः सूर्यप्रकाशात होई. ज्या गावी वर्षभर ऊन असते आणि समुद्र, डोंगर, वाळवंट एका दिवसाच्या अंतरावर असतात तेथे स्टुडिओ जाणे स्वाभाविक होते.

कचकड्याची फीत भयंकर ज्वालाग्राही होती आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नसे, हे सांगितले पाहिजे. मे १८९७ मध्ये पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात चित्रपटाच्या खेळावेळी आग लागून सव्वाशेच्या घरात माणसे मेली. ती आग दिव्यात भरायच्या ईथरमुळे लागली होती, पण चित्रपट म्हणजे धोका अशी भीती तेव्हापासून बसली आणि प्रक्षेपकासाठी वेगळी, आगीला दाद न देणारी खोली हवी असे कायदे पुढे अनेक देशांत झाले. भारतातील १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात चित्रपटांच्या परीक्षणासोबत ही सुरक्षिततेची तरतूदही होती.

भारतातही फितीचा प्रवास याच क्रमाने झाला. आधी तंबू, मग चित्रगृहे, मग निर्मिती. पारशी रंगभूमीतून आलेले जमशेटजी फ्रामजी मादन यांनी १९०२ मध्ये कलकत्त्याच्या मैदानावर तंबूत खेळ सुरू केले आणि १९०७ मध्ये तेथे कायमचे चित्रगृह उभारले. दाखवली जाणारी चित्रे मात्र परदेशी होती. मे १९१२ मध्ये रामचंद्र गोपाळ, म्हणजे दादासाहेब तोरणे, यांचा ‘श्री पुंडलिक’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दाखवला गेला. ते नाटकाचे चित्रण होते, कॅमेरा परदेशी माणसाच्या हाती होता आणि फीत लंडनमध्ये धुतली गेली, म्हणून पहिला भारतीय कथापट ठरवताना त्याला बाजूला ठेवतात. तोरणे यांच्या धडपडीची नोंद तरीही घ्यायलाच हवी.

धुंडिराज गोविंद फाळके यांचे वेगळेपण फितीकडे पाहिले की चटकन कळते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिकलेले, छायाचित्रण आणि छपाई या दोन्ही व्यवसायांत मुरलेले फाळके १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहून या विद्येच्या मागे लागले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या सुरुवातीला लंडनला गेले, तेथे इंग्रज चित्रपट-निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा, छपाईयंत्र व भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवली. हे शेवटचे यंत्र लागे, कारण कोरी फीत भोके न पाडलेली येत असे. दादरच्या घरात, अंधाऱ्या खोलीत, भोके पाडण्याचे आणि फीत धुण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट, म्हणजे ५९ हजारांवर चित्रे, आणि चित्राला आठ भोके धरली तर केवळ मूळ निगेटिव्हला पावणेपाच लाखांच्या आसपास भोके. दिवसा नटमंडळींचा स्वयंपाक सांभाळून रात्री हे काम करणाऱ्या सरस्वतीबाईंचे नाव श्रेयनामावलीत नसले, तरी भारतातील पहिल्या चित्रपट-तंत्रज्ञ त्याच, असे मी निःशंकपणे म्हणेन.

३ मे १९१३ रोजी तो चित्रपट कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला आणि त्या काळाच्या मानाने खूप, २३ दिवस चालला. सुरतेत मात्र सुरुवातीला प्रेक्षक येईनात. तासन्‌तास चालणारी नाटके तेवढ्याच पैशांत पाहायला मिळत असताना तासाभराच्या खेळाला कोण येणार, अशी तक्रार होती. तेव्हा फाळके यांनी तीन आण्यांत ५७ हजार छायाचित्रे पाहा, अशी जाहिरात केली आणि गर्दी लोटली. फुटाला १६ चित्रांचा हिशेब त्या आकड्याशी जवळजवळ जुळतो. फितीचे मोल तिच्या लांबीवर करण्याची जुनी व्यापारी रीत प्रेक्षकांपुढे अशी प्रथमच मांडली गेली असावी.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि फ्रान्समधील निर्मिती खिळखिळी झाली. पाथे, गोमाँ या फ्रेंच कंपन्यांनी मोकळी केलेली जागा अमेरिकी कंपन्यांनी भरून काढली, आणि युद्ध संपले तेव्हा जगभरच्या पडद्यांवर हॉलिवूडचे वर्चस्व होते. फाळके यांना युद्धकाळात कोरी फीत आणि भांडवल या दोन्हींची चणचण भासली. तरीही १९१७ च्या ‘लंका दहन’ने अफाट उत्पन्न दिले आणि १९१८ मध्ये नाशिकला भागीदारीत हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी तर कॅमेराच स्वतः घडवला आणि १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ त्याच कॅमेऱ्यावर चित्रित करून पडद्यावर आणला. कॅमेरा कोल्हापुरात घडला, भोके दादरच्या घरात पाडली गेली, फीत धुण्याची आणि छापण्याची विद्याही येथे रुजली; कोरी फीत मात्र पुढची चाळीसहून अधिक वर्षे परदेशातूनच येत राहिली. ती देशात बनवण्यासाठी हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी उद्योग १९६० मध्ये उटी येथे स्थापन झाला, आणि तोवर भारतीय बोलपटालाच तीस वर्षे होत आली होती.